गोकुळ शिरगावच्या शेडमधली बोट

मे २०२१. आंबा घाट चढून लो-बेड ट्रेलर कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पोचला आणि गेटवरच्या वॉचमनचा मला फोन आला. रजिस्टरात 'माल' या रकान्यात काय लिहू, असं तो विचारत होता. म्हटलं, "फायबरची टाकी, एक नग, असं लिही." पुढची सव्वातीन वर्षं ती बोट आमच्याकडं 'टाकी' याच नावानं राहिली.

टाकी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची आणि दाजींची अठ्ठावीस फुटी शिडाची बोट. दाजी मर्चंट नेव्हीतून इंजिनीअर म्हणून निवृत्त झाले, गोव्यात ही बोट जुनी विकत घेतली आणि ऑक्टोबर ते मे दोघं बोटीवरच राहू लागली. रत्नागिरीपासून खाली कोचीपर्यंत असे चार हंगाम झाले. मग लॉकडाऊन आला, त्यापाठोपाठ दाजींच्या आईचं आजारपण. कोकणच्या पावसात बोट उघड्यावर ठेवायची तर रोज फेरी मारणारं माणूस पाहिजे. इथं माझ्या मित्राची फौंड्रीची शेड रिकामी पडली होती. तीन महिन्यांसाठी म्हणून वर आलेली बोट ऑगस्ट २०२४ पर्यंत, समुद्रापासून सव्वाशे किलोमीटरवर आणि साडेपाचशे मीटर उंचीवर, सहा लोखंडी टेकूंवर उभी होती.

मधे जुलै २०२१ चा महापूर येऊन गेला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि शिरोलीजवळ हायवे बंद झाला. तेव्हा निदान दहा जणांनी मला विचारलं, "मर्दा, होडी हाय न्हवं तुझ्याकडं? काढ की!" तिच्या पोटाखाली साडेचार फूट खोल शिशाचं वजन आहे, ती गल्लीत शिरली तर पहिल्याच गतिरोधकावर बसेल, हे सांगून सांगून मी दमलो. पुरात उथळ तळाच्या रबरी बोटीच लागतात.

माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशिन शॉप आहे. लेथ, ड्रिल, जरा मिलिंग. इंजिनं हाताखालून भरपूर गेली, त्यामुळं बोट पुन्हा पाण्यात सोडायची म्हणजे मुख्यतः इंजिन चालू करायचं, बाकी धुणं-पुसणं, असं माझ्या डोक्यात होतं. ताईच्या डोक्यात गाद्यांची कव्हरं आणि फ्रिज होता. पहिल्या दिवशी तिनं वहीत सदतीस कामं लिहिली आणि त्यातली पहिली नऊ स्वयंपाकघराची होती.

दाजींनी वही हातात घेतली आणि प्रत्येक कामापुढं एक अक्षर लिहिलं. 'बु' म्हणजे हे बिघडलं तर बोट बुडते. 'डो' म्हणजे डोलकाठी पडते. 'थां' म्हणजे बोट थांबते. उरलेल्यांना 'त्रा', म्हणजे नुसता त्रास. सगळे 'बु' संपल्याशिवाय 'डो' ला हात लावायचा नाही. फ्रिज 'त्रा' मध्ये गेला तेव्हा ताईनं आम्हा दोघांकडं ज्या नजरेनं बघितलं ती मला लहानपणापासून ओळखीची आहे.

सुरुवात 'बु' पासून. बोटीच्या तळाला भोकं असतात, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, संडासाला पाणी घ्यावं आणि सोडावं लागतं, बेसिनचं पाणी बाहेर जावं लागतं. या बोटीला पाण्याखाली अशी पाच भोकं आहेत आणि प्रत्येकावर आतून एक वॉल्व्ह, ज्याला बोटवाले सीकॉक म्हणतात. चार वॉल्व्ह जुने, जाड, हिरवट पडलेले. ते सोडवायला दोन दिवस लागले. डिझेल पाजून, गरम करून, हळूहळू हलवत. पाचवा, संडासाला पाणी घेणारा, मात्र चकचकीत पांढरा. त्याची मूठ एका बोटानं फिरली. मी खूश. म्हटलं, हा तर उत्तम आहे, याला हातच नको लावायला.

दाजी म्हणाले, "खोल तरी."

मी पाना लावला आणि जरा जोर दिला. कड्क असा आवाजही आला नाही. ओलं बिस्कीट तुटावं तसा वॉल्व्ह आट्यांपाशी तुटून हातात आला. तुटलेली कड उजेडात धरली तर पितळेचा पिवळेपणा कुठंच नव्हता. फिकट गुलाबी, डाळिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा रंग. नख लावलं की भुगा पडत होता. बाहेरून निकेलचा पांढरा मुलामा तसाच शाबूत.

हा आजार फौंड्रीवाल्यांना ऐकून माहीत असतो. साध्या पितळेत तांब्याबरोबर जवळपास चाळीस टक्के जस्त असतं. खारं पाणी त्यातलं जस्त हळूहळू काढून घेतं आणि मागं तांब्याचा सच्छिद्र सांगाडा राहतो. आकार तोच, वजन थोडं कमी, ताकद शून्य. म्हणून समुद्राच्या पाण्याखाली गनमेटल किंवा ब्राँझ लागतं. आमच्याकडं ज्याला 'पाच-पाच-पाच' म्हणतात, म्हणजे पंच्याऐंशी टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी पाच टक्के, ते गनमेटल अशा जागी वर्षानुवर्षं टिकतं.

आता यातला अवघड भाग. तो वॉल्व्ह मीच पाठवला होता. २०१८ साली दाजींचा गोव्याहून फोन आला होता, एक इंची बॉल वॉल्व्ह तातडीनं पाहिजे. मी दुकानातला सगळ्यात महाग, सगळ्यात चकचकीत घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं पाठवून दिला. घराच्या टाकीला तो वीस वर्षं चालला असता. खाली पाठवताना 'समुद्राचं पाणी' हा विचार माझ्या मनाला शिवला नाही, आणि दाजींनी घाईत बसवून टाकला. दोघंही धातूत आयुष्य काढलेली माणसं.

बोट तर तीन वर्षं कोरडी होती, मग झीज चालू कशी राहिली, हे मला आधी कळेना. तुटलेल्या तुकड्यानंच उत्तर दिलं. बॉल वॉल्व्ह पूर्ण बंद केला की गोळ्याच्या पोटातलं पाणी तिथंच कोंडतं. म्हणजे वर येताना चमचाभर खारं पाणी त्यानं पोटात बरोबर आणलं होतं. बोट जमिनीवर उभी करताना वॉल्व्ह अर्धवट उघडे ठेवायचे, म्हणजे ते पाणी निथळून जातं. आम्ही मात्र, बंद बरे, म्हणून पाचही घट्ट बंद केले होते.

रात्री जेवणानंतर मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. पाण्याखाली दोन फुटांवर एक इंचाचं उघडं भोक. मिनिटाला साधारण साठ लिटर पाणी आत येतं. बोटीतल्या पंपावर ताशी १९०० लिटर असं छापलंय, म्हणजे मिनिटाला बत्तीस, तेसुद्धा बॅटरी भरलेली, पाइप सरळ आणि पाणी फार उंच चढवायचं नसेल तर. हा कागद ताईला दाखवल्यावर फ्रिजचा विषय बंद झाला.

दुसऱ्या दिवशी उरलेले चारही वॉल्व्ह कानशीनं जरा घासून बघितले. चारीत तांबूस-सोनेरी, एकसंध धातू. हातोडीनं टिचकी मारली की खणखणीत आवाज. पाचव्यासाठी गावातच गनमेटलचं कास्टिंग ओतून घेतलं, लेथवर आटे पाडले आणि दहा किलो दाबावर पाण्यात बुडवून रात्रभर ठेवलं. बुडबुडा नाही. विकत मिळत नव्हता असं नाही, पण हा मला स्वतःच्या हातानं करायचा होता.

'डो' मध्ये मला वाटलं होतं तारा बघायच्या. डोलकाठी उभी राहते ती दोन्ही बाजूंनी आणि पुढून-मागून ताणलेल्या स्टेनलेसच्या तारांवर. एकोणीस पदरांची ही तार साधारण दहा-बारा वर्षांनी बदलावी, असं बोटवाले मानतात. सुती फडकं तारेवरून फिरवायचं. कुठं पदर तुटला असेल तर धागा अडकतो. तारा सहाच वर्षांच्या होत्या, फडकं कुठं अडकलं नाही. पण तारेचं खालचं टोक एका स्टेनलेस पट्टीला धरलेलं असतं आणि ती पट्टी डेकमधून आरपार खाली जाते. बोटवाले तिला चेनप्लेट म्हणतात. डेकच्या वर आणि खाली ती आरशासारखी चमकत होती. जिथं ती डेकच्या जाडीतून जाते तो दीड इंच मात्र सीलंटनं बंद.

स्टेनलेसवर गंज चढत नाही कारण हवेतल्या ऑक्सिजननं त्यावर एक अतिपातळ थर सतत तयार होत राहतो. हवा तोडली आणि खारी ओल ठेवली की तोच धातू फटीतून आत कुरतडला जातो. म्हणजे दिसणारा भाग सगळ्यात चांगला आणि झाकलेला सगळ्यात धोक्याचा. सहाच्या सहा पट्ट्या काढायच्या ठरल्या. दोन बोल्ट तुटले, एका ठिकाणी आतलं सागवानी फळकुट कापावं लागलं.

इथं कोल्हापूर कामाला आलं. कास्टिंगला चीर आहे का हे बघायला डाय पेनेट्रंट चाचणी आमच्याकडं रोज होते. पट्टी स्वच्छ करायची, लाल डाय मारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, पुसून काढायचा, मग पांढरा डेव्हलपर फवारायचा. चिरेत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. पाच पट्ट्या पांढऱ्या शुभ्र राहिल्या. सहावीवर, उजव्या बाजूच्या मधल्या पट्टीवर, आधी काहीच दिसलं नाही. आम्ही चहा घेऊन आलो तोवर भोकाच्या कडेपासून पट्टीच्या काठापर्यंत केसाएवढी लाल रेघ आली होती. शेजारच्या शेडमधला तपासणीवाला पोरगा वाकून बघत म्हणाला, "काका, ही रिजेक्ट." त्याच्यासाठी ती दिवसातली चौदावी रिजेक्ट असेल.

एकाच दिवशी बसवलेल्या सहापैकी एक गेली तर बाकीच्या पाचांवर विसंबायचं का? मी म्हणत होतो एकच बदलू. दाजींनी सहाही बदलल्या, आणि मागं वळून बघताना त्यांचंच बरोबर वाटतं. नवा माल ३१६ एल जातीचं स्टेनलेस. दुकानदार ३०४ आणि ३१६ एकाच कपाटात ठेवतो आणि लोहचुंबक दोन्हींना धरत नाही. फरक आहे तो दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमचा, खाऱ्या पाण्यात तोच कामाला येतो. त्यासाठी रासायनिक थेंबाची चाचणी मिळते, ती केल्याशिवाय पट्टी कापली नाही. वेल्डिंग कुठं केलं नाही, भोकांच्या धारदार कडा मोडून काढल्या आणि पॉलिश शेवटपर्यंत केलं, कारण घासल्याच्या खोल रेघेतच पुढची चीर सुरू होते.

यानंतर माझं लाडकं इंजिन. दोन सिलिंडर, अठरा हॉर्सपॉवर. डीकॉम्प्रेशन लीव्हर उचलून हातानं फिरवलं तर मोकळं फिरलं, कारण दाजींनी उभं करताना आत थोडं तेल सोडलं होतं. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर काढला तर त्याच्या पात्या एका बाजूला वाकून तशाच राहिलेल्या, सव्वातीन वर्षं एकाच कुशीवर झोपल्यासारख्या. तो फेकला. डिझेलची टाकी एकतृतीयांश भरलेली होती. रिकाम्या भागात पावसाळ्यात घाम धरतो, पाणी तळाला बसतं, आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढते. तळातून जे निघालं ते जुन्या लोणच्याच्या बरणीतल्या खारासारखं होतं, फक्त काळं. टाकी उघडून पुसली, दोन्ही फिल्टर बदलले, नवीन डिझेल गळ्यापर्यंत भरलं.

मग बादलीत पाणी, बादलीत पंपाचा पाइप, गिअर न्यूट्रलला. बोटीचा पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या शेवटच्या बेअरिंगला आतून रबर असतं आणि पाणी हेच त्याचं वंगण, त्यामुळं जमिनीवर शाफ्ट फिरवायचा नाही. स्टार्टर मारला. इंजिन आठ-दहा सेकंद फिरलं, लागलं नाही. पुन्हा मारला. पुन्हा. चौथ्यांदा बटणाकडं हात गेला तर दाजी ओरडले, "थांब! पाणी बंद कर!"

उद्यमनगरात आम्ही इंजिन लागेपर्यंत स्टार्टर मारतो. शेतावरच्या इंजिनाचा धूर सरळ वर जातो. बोटीत थंड करून आलेलं पाणी एक्झॉस्टमध्येच सोडतात आणि ते एका मफलरमध्ये साठतं. इंजिन चालू असेल तर धुराचा दाब ते उचलून बाहेर फेकतो. इंजिन नुसतं फिरतंय पण लागत नाही, अशा वेळी पंप पाणी भरत राहतो आणि बाहेर फेकायला दाब नसतो. मफलर भरला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये. मफलरचा खालचा बूच काढला तर अर्धी बादली पाणी निघालं. अजून एक-दोनदा बटण दाबलं असतं तर मला माझ्याच दुकानात हेड उतरवावं लागलं असतं. डिझेलच्या लायनीत हवा होती, ती काढल्यावर पहिल्याच फटक्यात लागलं.

लागलं, आणि पस्तीस मिनिटांनी बंद पडलं. पुन्हा हवा काढली, पुन्हा तितकाच वेळ चालून बंद. फिल्टर पुन्हा बदलला, लिफ्ट पंप खोलून बघितला, संध्याकाळ गेली. शेवटी ताई, डिझेल किती उरलंय बघते म्हणून टाकीचं झाकण उघडायला गेली आणि 'हुस्स' करून हवा आत ओढली गेली. टाकीला श्वास घ्यायला बोटीच्या बाजूला एक बारीक नळी असते. तिच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. पार गुळगुळीत, आत वाळलेल्या कोळ्यांसकट. डिझेल खाली जायचं, वरून हवा यायची नाही, टाकीत पोकळी तयार व्हायची. आणि टाकी काठोकाठ भरल्यामुळं हे लवकर झालं. वर हवा चार लिटरच असेल तर त्यातून अर्धा लिटर डिझेल गेलं तरी ओढ जाणवते. अर्ध्या टाकीवर हेच कळायला कित्येक तास लागले असते, म्हणजे समुद्रात. मग बोटीची सगळी तोंडं तारेनं तपासली. गॅसच्या कपाटाच्या निचऱ्याच्या भोकातही तसंच एक घर निघालं, आणि ते मला डिझेलच्या नळीपेक्षा वाईट वाटलं. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर त्या भोकातून बाहेर पडायचा, भोक बंद असेल तर तळात साचणार. ते काम वहीत नव्हतंच. दाजींनी ते लिहून पुढं 'बु' टाकलं.

बाकीचं भराभर सांगतो. लेड-ॲसिड बॅटऱ्या गेलेल्याच होत्या, भंगारात घातल्या. उंदरांनी वारा मोजायच्या यंत्राची वायर खाल्ली होती. धोक्याच्या लाल ज्योतींची मुदत संपली होती, नव्या घेतल्या. लाइफ राफ्ट सर्व्हिसिंगला पाठवला. गॅसची नळी तारीख बघून बदलली. तळाला पावलीएवढे तीन-चार फोड होते, टोचल्यावर व्हिनेगरसारखा वास आला. कोरडे करून इपॉक्सीनं भरले, त्यावरून घर विकायची गरज नाही. शाफ्ट बोटीतून बाहेर जातो तिथं पाणी अडवणाऱ्या ग्लँडला नवीन दोरी भरली, हे काम विहिरीवरच्या पंपाला हात लावलेल्या कुणालाही येतं. तळाच्या रंगाचा शेवटचा हात आम्ही मुद्दाम खाली किनाऱ्यावर गेल्यावर दिला, कारण वाटेत ट्रेलरवर बांधायच्या पट्ट्यांनी तो खरवडला असता. तरीही रंगाऱ्यानं हौसेनं जस्ताच्या ॲनोडवरही रंग मारला. तो ठोकळा बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजायला लावलेला असतो, रंग मारला की त्याची नोकरीच जाते. खरवडून काढायला तासभर गेला.

१५ नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला, रत्नागिरीजवळच्या एका खाडीत क्रेननं बोट पाण्यात उतरवली. क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, पट्टे अर्धा तास सोडायचे नाहीत. बोट पट्ट्यांत तरंगत असताना आम्ही तिघं आत टॉर्च घेऊन गुडघ्यावर. नवा वॉल्व्ह कोरडा. जुने चारही कोरडे. खोली मोजायच्या सेन्सरच्या बुडापाशी, ज्याला आम्ही हातही लावला नव्हता, एक थेंब फुगला, घरंगळला, मागून दुसरा. क्रेनवाला वरून ओरडत होता, "सोडू का?" दाजी पालथे पडून नट आवळत होते आणि ताई तोंडावर हात ठेवून थेंब मोजत होती. पंधरा मिनिटांत थांबलं. मग सोडा म्हटलं.

मी रात्रीच्या एसटीनं परत आलो. साखरप्याच्या पुढं घाट सुरू व्हायच्या आत ताईचा फोन. इंजिन गिअरमध्ये घातलं, ग्लँडमधून थेंब पडतोय, काय करू?

"मिनिटाला किती?"

"चार. नाही, पाच."

"पडू दे. इंजिन बंद केल्यावर किती?"

ती मोजायला गेली. मागं दाजी काहीतरी शोधत होते. परत येऊन म्हणाली, "एकही नाही. आणि फ्रिज चालू होत नाहीये."